खांबावरचे

“ह्यांना इचारलं का?”

हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला आलेल्या नातेवाइकांपैकी कुणी म्हणालं, “आमच्या वडलांना जरा कोट चढवा,” की ती खुर्ची अर्धी वळवायची, पडद्यावरच्या गेलेल्या माणसाकडे हनुवटीनं दाखवायची आणि अगदी साध्या आवाजात हे विचारायची. माणसं गोंधळायची. काही हसायची, काही चिडायची. एकदा एक म्हातारे गृहस्थ मात्र खरंच पडद्यावरच्या आपल्या भावाकडे बघत बसले आणि थोड्या वेळानं म्हणाले, “नको. त्याला गरम व्हायचं.”

तिच्याबद्दल लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कुणी विचारलं की “चांगली होती पोरगी, काम सोडून गेली” एवढं सांगून विषय बदलायचो. आता माझा थोरला भाऊ नाही आणि तीही नाही. ज्यांना तोंड द्यायचं ती दोन्ही माणसं गेल्यावर मी लिहायला बसलोय. याला धाडस म्हणत नाहीत, हे मला कळतं.

माझं लातुरात फ्लेक्सचं दुकान होतं. त्याआधी मी पेंटर होतो. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, भिंतींवरच्या जाहिराती. मशीन आलं तसे ब्रश बांधून ठेवले. तुम्ही आमच्या भागात राहत असाल तर आमचा माल रोज बघत असाल. चौकातल्या खांबावर एका बाजूला वाढदिवसाचा पुढारी, दुसऱ्या बाजूला श्रद्धांजलीचा म्हातारा. गेलेल्या माणसाचा धड फोटो बहुतेक घरांत नसतो. ओळखपत्रावरचा असतो, नाहीतर कुणाच्या तरी लग्नात पंगतीत मागं बसलेला. त्यातून चेहरा कापायचा आणि आमच्याकडे तयार असलेल्या धडावर बसवायचा. पुरुषांसाठी कोटातलं धड, बायकांसाठी काठपदराच्या साडीतलं. नवरा हयात असेल तर कपाळावर कुंकू, नसेल तर पुसून टाकायचं. हे सगळं मी हातासरशी करायचो, विचार न करता.

ती धर्माबादची. लातुरात मावशीकडे राहून काहीतरी कोर्स केलेला, नोकरी शोधत माझ्याकडे आली. बारीक अंगाची, चष्मा सारखा नाकावर घसरणारा, डब्यात बहुतेक वेळा मुरमुऱ्यांचा सुशीला. पहिल्याच दिवशी तिनं संगणकातली धडं उघडून पाहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “काका, सगळ्या जिल्ह्याला तुम्ही एकच कोट घातलाय की ओ!”

मी हसलो. पण त्या दिवसापासून खांबांखालून जाताना मला तो कोट दिसायला लागला. गंजगोलाईत एक, बसस्टँडजवळ दोन, औसा रोडला एक. सगळ्यांना खांद्यावर तीच घडी.

ती फावल्या वेळात काचेला तडा गेलेल्या टॅबवर चित्रं काढायची आणि इन्स्टाग्रामवर टाकायची. वेबकॉमिक म्हणतात त्याला, हे मला तिनंच शिकवलं. तिच्या कॉमिकचं नाव होतं ‘खांबावरचे’. रहदारी थांबली की फ्लेक्सवरची गेलेली माणसं एका खांबावरून दुसऱ्या खांबाशी बोलायला लागतात, एवढीच कल्पना. एका चित्रात अडत्या म्हातारा विचारतो, “ह्यो कोट कुणाचा हाय रं? खिशात हात घालू का नको?” आणि समोरच्या खांबावरून दुसरा म्हातारा ओरडतो, “घालू नका, माझा हाय!” दुसऱ्यात एक आजी वाढदिवसाच्या पुढाऱ्याला म्हणते, “लेकरा, तू एवढा हसून राहिला, तुला न्हेलं न्हाई का अजून?”

फ्लेक्सचं पुढं काय होतं हेही तुम्ही पाहिलं असेल. दहावं-तेरावं झालं की कुणीतरी तो काढून नेतं आणि सोयाबीनच्या ढिगावर अंथरतं, गोठ्यावर टाकतं. तिनं त्यावरही काढलं होतं. जन्मभर गादीवर बसलेला किराणा दुकानदार पावसात ढिगावर पसरलाय आणि म्हणतोय, “जित्तेपणी रानात पाय ठिवला न्हाई, आता राखणीला बसलो.” ते बघून मी दुकानात एकटा मोठ्यानं हसलो होतो.

तिची ख्याती थोडी थोडी पसरली. मुरुडहून तीन जावा आल्या. सासूचा एकही फोटो नव्हता, चित्र काढून पाहिजे होतं. तिघी सांगत गेल्या, ही काढत गेली. नाकावर भांडण लागलं. धाकटी म्हणाली, “नाक तसलं न्हवतं. आमच्याकडं बघून मुरडायच्या, म्हणून तसं दिसायचं.” हिनं गंभीरपणे विचारलं, “मग मुरडलेलं काढू का साधं?” तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. थोरली म्हणाली, “मुरडलेलंच काढ. साधं वळखू येणार न्हाई.” चित्र पुरं झालं तेव्हा त्या थोरलीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला. सवयीनं.

पितृपंधरवड्यात आमचा धंदा बसतो. वाढदिवस नाही, उद्‌घाटन नाही, शुभेच्छा नाहीत. अशाच एका रिकाम्या दुपारी तिनं विचारलं, “काका, तुमच्या घरचं कुणी खांबावर गेलं का न्हाई?”

मी म्हणालो, “आमची आक्का जायला पाहिजे होती.”

आणि मग जे मी माझ्या बायकोलाही कधी धड सांगितलं नव्हतं, ते तिला सांगितलं.

आक्का माझी मोठी बहीण. लग्नानंतर वर्षभरात तिचा नवरा कामाला म्हणून हैदराबादला गेला तो आला नाही. ती माहेरी परतली. माझं, थोरल्या दादाच्या पोरांचं, सगळ्यांचं तिनं केलं. कडबा कापताना तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं गेलं होतं, त्याच हातानं ती रोज कपाळाला मेण लावून कुंकू रेखायची. संध्याकाळी सगळ्यांची जेवणं झाली तरी एक भाकरी झाकून ठेवायची. कुणासाठी, हे कुणी विचारत नव्हतं.

पुढं काही वर्षांनी बिदरकडचा एक माणूस निरोप घेऊन आला. आक्काचा नवरा तिकडंच वारला होता. निरोप दादानं आणि मी ऐकला, शेताच्या बांधावर. आई तेव्हा लकव्यानं अंथरुणाला खिळलेली. शिरूर अनंतपाळच्या एका बिजवर मास्तरांनी आधीच शब्द टाकून ठेवला होता, की आक्का मोकळी असेल तर ते लग्नाला तयार आहेत. आक्कालाही ते माहीत होतं, आणि मास्तरांचं नाव निघालं की ती उठून आत जायची. दादा म्हणाला, “तिला कळलं तर ती जाईल. मग आईचं कोण करंल?” मी काही बोललो नाही. आम्ही घरी आलो. आक्कानं पाण्याचा तांब्या दिला. आम्ही पाणी प्यालो.

आई त्यानंतर बरीच वर्षं जगली. मास्तरांनी दुसरीकडे लग्न केलं. मग सांगण्यात अर्थ राहिला नाही असं आम्ही ठरवलं. आक्का गेली तेव्हा बायकांनी तिला हिरवी साडी नेसवली, ओटी भरली, मळवट भरला. गावातल्या बाया रांगेनं तिच्या पाया पडल्या. “नशीबवान बाई, अहेव गेली,” म्हणत होत्या. मी आणि दादा तिथंच उभे होतो.

फ्लेक्स केला नाही. दादा नको म्हणाला. मी फोटो काढून ठेवला होता, पण कुंकू ठेवायचं की पुसायचं, यावर माझा हात अडला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. तिचं ठरलेलं वाक्य त्या दिवशी ती बोलली नाही.

आठवड्याभरानं तिनं मला काही पानं दाखवली. खांबावर एक बाई, कपाळाला कुंकू, हात जोडलेले, मधलं बोट अर्धं. दूरच्या खांबावर काळ्या-पांढऱ्या फोटोतला एक कोवळा तरुण. बाई विचारते, “तुम्ही कोण म्हणायचं?” तो म्हणतो, “मी तुझा मालक. मला जाऊन लई दिवस झाले. निरोप तुझ्या भावांपाशी धाडला होता.” ती म्हणते, “मग मी भाकर कुणाला झाकून ठिवत होते?” शेवटच्या चित्रात नुसते खांब आणि तारा.

“नावं बदलली हायेत,” ती म्हणाली. “पण तुमचं हाय, म्हणून तुम्हालाच इचारते. घेऊ का?”

मी म्हणालो, “घे.”

त्याच हिवाळ्यात नांदेडला पहिल्यांदाच कॉमिकचा मेळा भरणार होता. काही कॉलेजच्या पोरांनी एक मंगल कार्यालय घेतलं होतं. आपली कॉमिकं घेऊन या, टेबल मिळेल. तिला टेबल मिळालं. तेव्हापासून ती जमिनीवर नव्हती. पुस्तकाची पानं आम्ही दुकानातल्या छोट्या प्रिंटरवर काढली. कव्हरला काय लावायचं? तिनं दुकानातल्या वाया गेलेल्या फ्लेक्सच्या पट्ट्या कापल्या. त्यामुळे प्रत्येक पुस्तक निराळं झालं. एकावर नुसतं ‘हार्दिक’, एकावर अर्धी मिशी, एकावर हारातला झेंडू. सगळ्यांना शाईचा तो डोक्यात जाणारा वास. आम्ही दोघं स्टेपलर मारत बसलो होतो आणि मला माझ्या पहिल्या पाटीची आठवण येत होती.

एसटीत तिनं अहमदपूरच्या पुढं विचारलं, “काका, अजून वेळ हाय. तुमच्या आक्काची पानं काढून टाकू का? पिना उचकटायला काय लागतं?”

“राहू दे,” मी म्हणालो. “सगळ्यांत चांगली तीच आहेत.”

हे मी म्हणालो होतो. हे नीट लिहून ठेवतो.

कार्यालयाच्या भिंतीवर कुणाच्या तरी लग्नाच्या हळदीचे हात तसेच होते. टेबलांना झालर. पोरं कॉमिकमधल्या पात्रांसारखी तलवारी, मुखवटे लावून हिंडत होती. आजूबाजूची पोरं-पोरी चकचकीत कागदावर छापलेले महाबली घेऊन बसली होती, आणि मध्ये ही, आपली फ्लेक्सची पुस्तकं मांडून. पहिला तासभर कुणी फिरकलं नाही. एका गृहस्थांनी उचलून विचारलं, “यात राशिभविष्य आहे का?” ही म्हणाली, “हाय की. सगळ्यांचं शेवटचं एकच.” ते घाईनं पुढं गेले. मग एका बाईला ती म्हणाली, “घ्या मावशी, मेलेल्यांची गोष्ट हाय, पण हसू येतंय.” त्या बाई तिथंच वाचायला लागल्या, हसल्या, आणि मागच्या मैत्रिणीला ओढून आणलं. त्यानंतर टेबलापुढची माणसं हलेनात. पोरं कव्हरं निवडत होती, “मला मिशीवालं दे, मला मिशीवालं.” ती चष्मा वर ढकलत, सह्या करत, मधूनच माझ्याकडे बघायची. एवढं आनंदलेलं माणूस मी फार थोड्या वेळा पाहिलंय.

आणि मला ते एकट्यानं बघवेना. माझा पुतण्या, दादाचा मुलगा, नांदेडला बांधकामाची कामं घेतो. मीच त्याला फोन केला. “माझ्या दुकानातली पोरगी पुस्तक विकतेय, ये बघायला.” त्यानं यावं आणि माझं नाव घ्यावं, अशी माझी इच्छा होती.

तो आला. माझ्या पाया पडला. पुस्तक उचललं, चाळलं, हसला. मग एका पानावर थांबला. त्याला आक्कानं वाढवलेलं. ते अर्धं बोट धरून तो चालायला शिकलेला.

“ही आत्या हाय,” तो म्हणाला.

त्यानं पुढची पानं वाचली. परत मागं जाऊन वाचली. मग माझ्याकडे वळला. त्याचे डोळे भरले होते, आणि मला वाटतं, तेव्हा तो चिडलेला नव्हताच. “नाना, हे खरं हाय का? मामा गेल्याचं दादाला माहीत होतं? तुम्हाला माहीत होतं?”

एका शब्दाचं काम होतं. समोर गर्दी. दादा घरी, वय झालेला, गावात ज्याच्या शब्दाला मान. मी म्हणालो, “नाही. असलं काही नाही.”

“मग हे हिनं कुठून आणलं?”

“मला काय माहीत? मनानं रचलं असेल.”

तो तिच्याकडे फिरला. “कुठली गं तू? आडनाव काय?”

तिनं गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. आडनाव ऐकल्यावर त्याचा आवाज चढला. “आमच्या घरातल्या मेलेल्या बाईवर पैसे कमावून राहिली? माझ्या बापाला लबाड ठरवून राहिली?” मुखवटे लावलेली पोरं गोळा झाली. मेळा भरवणारा एक तरुण धावत आला. “काय झालं, काय झालं?”

ती माझ्याकडे बघत होती. मी तेव्हापासून अनेकदा ती नजर आठवून पाहिली आहे. त्यात विनवणी नव्हती. राग नव्हता. फोटो बघताना ती जशी बघायची, तशी बघत होती. समोरच्या माणसाला काय नको असेल, ते शोधत असल्यासारखी.

मग ती म्हणाली, “मनानंच काढलं मी. चुकलं.”

“नानांची माफी माग,” पुतण्या म्हणाला. “त्यांच्या दुकानात खाऊन त्यांच्याच घरावर उठली. माग माफी.”

ती टेबलाच्या मागून बाहेर आली. सगळ्यांसमोर हात जोडले. “माफ करा, काका.”

आणि मी म्हणालो, “असू दे. पोर आहे.”

हे शब्द माझे आहेत. मी मोठ्या मनाचा माणूस असल्यासारखे ते बोललो, आणि दोघातिघांनी मान डोलावली.

पुस्तकं टेबलावरून उतरवली गेली. तिनं ती पोत्यात भरली. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. मी काहीतरी बोलणार, म्हणून सारखा घसा साफ करत होतो. लोह्याला गाडी थांबली तशी ती खाली उतरली, पाण्याची बाटली घेऊन आली आणि माझ्या हातात देत म्हणाली, “बीपीची गोळी घेतली का? दुपारची ऱ्हायली असंल.” मी गोळी घेतली. पाणी प्यालो.

हातातली कामं संपवून ती गेली. ‘खांबावरचे’ पुन्हा आलं नाही. मेळ्याला या म्हणून तिनं काढलेलं चित्रच शेवटचं राहिलं. त्याच्याखाली लोक अजून विचारतात, पुढचं कधी? लातुरात मात्र जिथं जावं तिथं ऐकू यायचं, त्या पोरीनं पेंटरच्या घरावर काहीबाही काढलं होतं म्हणे. मी ऐकून घ्यायचो. एखादा म्हणायचा, “तुम्ही लई सोसलं.” तेही ऐकून घ्यायचो.

मी मशीन विकलं. खांबाखाली मला थांबवत नाही. वारं सुटलं, दोरी ढिली झाली, की फ्लेक्स खांबावर आपटतो आणि मी वर बघतो. वर कुणी ओळखीचं असतं, कुणी नसतं. सगळे माझ्याकडेच बघत असतात. कॅमेऱ्याकडे बघितलेलं असतं त्यांनी, हे मला या धंद्यातल्या माणसाला कुणी सांगायला नको. तरी मी रस्ता बदलतो.

मी मनाशी ठरवलं होतं की दादाच्या डोळ्यांदेखत नको. तो गेला की पुतण्याला खरं सांगायचं आणि तिच्याकडे जाऊन माफी मागायची. म्हातारा भाऊ आधी जाईल, तिशीतली पोरगी थांबेल, हे मी धरूनच चाललो होतो. दादा गेला. तेरावं झाल्यावर मी तिचा नंबर लावला. तिच्या आईंनी उचलला.

“ती न्हाई ओ आता,” त्या म्हणाल्या. “मागल्याच्या मागल्या पावसाळ्यात गेली. तापानं. तुम्ही कोण?”

मी धर्माबादला गेलो. रेल्वेच्या खिडकीतून गोठ्यांवर, ढिगांवर उलटेसुलटे चेहरे दिसत होते. वाटेत मी एक वाक्य पाठ करत होतो: ती गोष्ट तिनं रचली नव्हती, मी सांगितली होती, सगळ्यांसमोर मी खोटं बोललो आणि माफी तिला मागायला लावली, मला माफ करा. सोपं वाक्य होतं. मी ते स्टेशनवरही म्हणून पाहिलं.

दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी तिचा फोटो. बाईंनी खुर्ची दिली, चहा केला. “फ्लेक्सवाले काका,” त्या म्हणाल्या. “हाव, वळखलं. तुमचं लई नाव काढायची. काकांनी मला काम शिकवलं म्हणायची.”

मी कप खाली ठेवला.

“एक इचारू का?” त्या म्हणाल्या. “नांदेडला काय झालतं ओ? तिथनं आली आन्‌ पोरीनं चित्र काढायचं सोडलं ते सोडलंच. दवाखान्यात सुदिक इचारलं मी तिला. सांगितलं न्हाई.”

वाक्य तोंडापर्यंत आलं होतं.

“काही नाही,” मी म्हणालो. “गर्दी नव्हती. पुस्तकं खपली नाहीत.”

“तेवढंच?”

“तेवढंच.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग रिकामा कप उचलत म्हणाल्या, “मला वाटायचं, कुणीतरी टाकून बोललं आसंल पोरीला. पण मंग तुम्ही होते की संगं.”